खारीची शेंग

फार पूर्वी एका माळावर घोड्यांची शर्यत लागे. ज्याच्यावर भरवसा, त्याच्यापुढे प्राण्यांनी शेंगा ठेवायच्या आणि जिंकणाऱ्यांनी हरलेल्यांच्या शेंगा वाटून घ्यायच्या, अशी रीत होती. सगळ्यांनी पांढऱ्या घोड्यापुढे ढीग घातला. म्हाताऱ्या तांबड्या घोडीपुढे मात्र एकट्या खारीने आपली शेंग ठेवली.

“अगं वेडे, मी दरवर्षी अर्ध्यातूनच परत फिरते!” घोडी म्हणाली.

“मग आज जरा पुढे जाऊन बघ की!”

घोडी जीव तोडून धावली. आली शेवटची, पण पोचली. तिकडे जिंकलेले सगळे खारीच्या त्या एका शेंगेवरून भांडत होते.

“तुझी शेंग गेली गं,” घोडी पुटपुटली.

“जाऊ दे. तू पोचलीस ना!”

घोडी गुडघे टेकून खाली बसली. “चढ पाठीवर, घरी सोडते. आजवर माझ्यापुढे कुणी काही ठेवलंच नव्हतं.”