दार विणलेलं घरटं

फार पूर्वी, ढग झाडांवर विसावायला उतरत, तेव्हाची ही गोष्ट. बाभळीवरच्या सुगरणींनी सापाच्या धाकानं ससाण्याला राखणदार नेमलं. तो म्हणाला, "बायांनो, घरट्यांची दारं आतून विणून टाका."

सगळ्या विणू लागल्या. पिवळी नावाची सुगरण गवताच्या शेवटच्या पात्यापाशी थबकली. "दादा, मग बाहेर कसं यायचं?"

"मी आहे ना!"

एवढ्या मायेपुढे शंका काढल्याची पिवळीला लाज वाटली. तिनं पातं ओवून गाठ मारली. आत हिरवा उजेड साठला, घरटं पाळण्यासारखं झुलू लागलं, तिचा डोळा लागला.

शेजारची घरटी फाटल्याच्या आवाजानं ती जागी झाली. "दादा, साप आला का?"

"छे गं! त्याला शिरायला दार आहेच कुठे? नीज तू," ससाणा अगदी जवळून म्हणाला, आणि तिच्या घरट्याचा झोका थांबला.