कोऱ्या पानाचे गुण

सोपानची बहीण मंदा आंधळी होती. डायलिसिसची वेळ ती फोनवरूनच घ्यायची. पडद्यावर जे असेल ते फोन तिला वाचून दाखवायचा. रुग्णालयाने वेबसाइट बदलली आणि फोन प्रत्येक ठिकाणी नुसतं "बटण, बटण" म्हणू लागला, कोणतं बटण कशाचं ते सांगेना. मंदाला वेळ मिळाली नाही. त्यातच ती गेली.

सोपानने तक्रार केली. चौकशीला आलेले अधिकारी पाटणकर साहेब यांनी सगळ्यांसमोर वेबसाइट तपासायचं सॉफ्टवेअर चालवलं.

"बघ, शंभरपैकी शंभर! अंधांसाठी एकही दोष नाही. तुझ्या बहिणीलाच जमलं नसेल. तक्रार बंद करतो."

सोपान ताडकन उठला. "साहेब, या पानाची नक्कल काढा. तिच्यातलं सगळं पुसा आणि परत तपासा."

"अरे वेड्या, मग त्यात उरेल काय?"

"तपासा तर खरं!"

संगणकावर बसलेल्या ऑपरेटरने सगळं पुसून ते कोरं पान तपासलं. पडद्यावर आकडा उमटला, शंभरपैकी शंभर.

पाटणकरांनी सहीसाठी उचललेलं पेन खाली ठेवलं.

"आता माझ्या ताईलाही शंभर द्या, साहेब," सोपान म्हणाला. "तिचीसुद्धा आता काही तक्रार उरलेली नाही."