सूर्याकडे वळवलेला डोळा

एकेकाळी एका डोंगरावरच्या वेधशाळेत एक वृद्ध आचार्य राहत असत. स्वभावाने इतके चिकित्सक, की सावलीत बसण्यापूर्वी ती नक्की कोणाची आहे याची खात्री करून घेत. त्यांच्या प्रयोगाच्या खोलीतला काळोख तर असा चोख, की काजवासुद्धा दाराशी थांबून परवानगी मागे. ज्यांना हे खरे वाटत नाही, त्यांनी काजव्याला विचारावे.

त्यांच्या शिष्याने आकाशात पाठवण्यासाठी एक डोळा घडवला. प्रकाशातले शेकडो बारीक रंग तो वेगवेगळे ओळखी, आणि पानांवरून परतलेल्या प्रकाशावरून झाड निरोगी की रोगट ते सांगे. वर पाठवण्यापूर्वी अशा डोळ्याची परीक्षा घ्यावी लागते. काळोखात एकेक रंग दाखवायचा आणि डोळा तो आपल्या रंगपट्टीवरच्या कोणत्या घरात, किती मांडतो ते टिपायचे. तेही हवा उपसलेल्या पेटीत, कारण तितक्या उंचावर हवा नसते, आणि हवेमुळे रंगांच्या जागा किंचित सरकतात. पण हवा उपसायला फार वेळ लागतो आणि शिष्याला घाई. त्याने परीक्षा साध्या हवेतच उरकली. डोळा वर गेला. शिष्याची मान त्याहून वर गेली.

पहिल्याच फेरीत डोळ्याने दरीतली संत्र्यांची सारी बाग रोगट ठरवली. अधिकाऱ्यांचा हुकूम निघाला : रोग पसरण्याआधी, उद्या सकाळी सगळी झाडे तोडून जाळा.

दुपारी बागेची मालकीण धापा टाकत डोंगर चढून आली.

"बाबा, तुमच्या डोळ्याला पुन्हा एकदा विचारा की! धनी गेल्यावर लेकरांसारखी वाढवलीत झाडं."

"बाई, तो डोळा चुकत नाही," शिष्य म्हणाला. "मी स्वतः परीक्षा घेतलीय त्याची."

"मग त्याला म्हणावं, जरा खाली उतरून बघ. इतक्या लांबून तर मला माझा जावईसुद्धा बरा दिसतो!"

आचार्य खळखळून हसले. मग शिष्याला म्हणाले, "डोळा बागेवरून काढ. सूर्याकडे वळव."

शिष्य चक्रावला. "गुरुजी, उद्या बाग तुटणार, आणि आपण सूर्य बघायचा? त्याला कुठला रोग?"

"वळव तर."

शिष्याने डोळा वळवला. सूर्यप्रकाशाचा रंगीत पट्टा समोर उमटला. त्यात बारीक काळ्या रेघा होत्या, त्या असतातच. पण सगळ्याच्या सगळ्या आपल्या जागेवरून केसभर एका बाजूला सरकल्या होत्या. शिष्याला ती न उपसलेली हवा आठवली आणि त्याचा चेहरा उतरला. तेवढ्या केसभराने निरोगी पानाचा रंग आजारी पानाच्या घरात जाऊन बसत होता.

"गुरुजी, डोळा फुकट गेला. आता वर जाऊन तो सरळ कोण करणार? बंदच करून टाकतो."

"वेडा आहेस," आचार्य म्हणाले. "काही रंग सूर्य स्वतःपाशीच ठेवून घेतो, म्हणून त्याच्या प्रकाशात त्या जागा रिकाम्या, काळ्या दिसतात. तुझ्या घाईने त्या हलत नाहीत, माझ्या म्हातारपणाने हलत नाहीत. त्यांच्याशी ताडून पाहिलं की आपण किती सरकलो ते कळतं. आणि सरकलेल्या डोळ्यानेही सरळ पाहता येतं रे. किती सरकलाय ते ठाऊक असलं की झालं. तेवढं अंतर वजा कर, आणि मग बाग बघ."

संध्याकाळच्या आत शिष्याने बाग पुन्हा पाहिली. झाडे ठणठणीत होती. ओढ्याकडच्या कोपऱ्यातली काही मात्र खरोखरच कोमेजत होती. त्याने हुकूम थांबवण्यासाठी तातडीने निरोप धाडला आणि बाईंपुढे हात जोडले.

"बाई, चुकलं माझं. बाग चांगली आहे. ओढ्याकडची तेवढी झाडं जपा, त्यांच्या मुळांशी काहीतरी बिघडलंय."

"पाणी तुंबत असेल. उद्या चर खणते," बाई म्हणाल्या, आणि पदर खोचून डोंगर उतरू लागल्या.

आपल्यालाही एखाद्या दिवशी भोवतालची सगळीच माणसे बिघडलेली दिसू लागली, तर आधी आपण किती सरकलो आहोत ते ताडून पाहावे. माणसे बहुधा ठणठणीत निघतात.