महाराजांनी बसायचं कुठं?

कुरणगडच्या नव्याकोऱ्या सभागृहात नाटकाचा एकही खेळ दुसऱ्या अंकाच्या पुढं जाईना, कारण महाराजांनी बसायचं कुठं हेच ठरेना!

तसं सभागृह झकास झालं होतं. दिवसा तिथं गावाची सभा भरायची, सांजेला नाटक. पण संस्थानचा रिवाज भारी कडक. महाराजांपेक्षा उंच कुणी बसायचं नाही आणि महाराजांकडं पाठ तर जीव गेला तरी करायची नाही. अमृतराव महाराज भूक विसरतील, पण रिवाज विसरणार नाहीत.

पहिल्या खेळाला महाराज सगळ्यांच्या पुढं बसले. त्यांची पगडी म्हणजे परातीवर परात, आणि वर मोरपिसांचा तुरा. मागं बसलेल्या गावाला दिसला तो नुसता तुरा. महाराज हसले की मागचे एकमेकांना विचारायचे, "काय झालं रे? पडलं का कुणी?" दुसऱ्या अंकात एकानं धीर करून महाराजांनाच विचारलं. महाराज भडकले आणि खेळ बंद!

दुसऱ्या खेळाला दिवाण त्र्यंबकपंतांनी डोकं लढवलं आणि महाराजांना सगळ्यांच्या मागं बसवलं. आता त्यांच्याकडं पाठ कशी करायची? म्हणून अख्खं गाव महाराजांकडं तोंड आणि रंगमंचाकडं पाठ करून बसलं. चोरून मागं वळून बघता बघता निम्म्या गावाच्या माना अवघडल्या, वैद्यबुवांकडचं तेल संपलं. इकडं एवढे डोळे रोखलेले असताना महाराजांना धड जांभईसुद्धा देता येईना. दुसऱ्या अंकात तेही वैतागून उठून गेले.

या सगळ्यात जीव टांगणीला लागला होता तो बायजाचा. बायजा सभागृहाच्या दारात फुटाणे विकायची आणि पडदा वर गेला की टोपली तिथंच टाकून आत घुसायची. नाटकातल्या चंद्रसेनेचं त्या गरीब शिलेदाराशी लग्न होतं की नाही, हे तिला काही केल्या कळेना. फुटाणे मोजताना, भाकरी थापताना तिच्या मनात एकच. त्या बिचाऱ्या पोरीचं पुढं झालं तरी काय?

त्यातच महाराजांनी हुकूम सोडला. "रिवाज मोडायचा नाही. पण मलाही नाटक दिसलं पाहिजे आणि गावालाही. उद्या सांजेपर्यंत अशी जागा दाखवा, नाहीतर सभागृहात हत्ती बांधतो!"

दरबारात सगळे डोकं धरून बसले. कुणी म्हणालं, महाराजांना छताला टांगू. त्याला दिवाणांनी बाहेर काढलं. तेवढ्यात बायजा टोपलीसकट आत आली.

"सरकार, जागा आहे की. नाटकातल्या राजाचं सिंहासन."

"मी नाटकात बसू?" महाराजांच्या मिशा थरथरल्या.

"बघा तर खरं. गाव तुमच्याकडं तोंड करूनच बसणार. रंगमंच उंच, त्यावर सिंहासन आणखी उंच. आणि नाटकातला रिवाजही तोच, राजाला कुणी पाठ दाखवत नाही."

"पण मला पाठांतर जमत नाही."

"पाठांतर कशाला? रोज दरबारात करता तेच करायचं. सगळ्यांचं बोलून होईपर्यंत गप्प बसायचं आणि शेवटी 'तथास्तु' म्हणायचं. आजवर हे काम नाटक कंपनीचा आचारी करतोय."

दिवाणांनी डोळे मिटून घेतले. महाराज मात्र मिशीला पीळ देत म्हणाले, "आचाऱ्यापेक्षा बरं करीन. पण खेळ पुन्हा अडला, तर हत्ती बांधलाच म्हणून समज."

सांजेला सभागृह खच्चून भरलं. पहिला अंक झाला, दुसरा झाला, आणि बायजानं न पाहिलेला तिसरा सुरू झाला. चंद्रसेना नवरीच्या वेषात राजापुढं हात जोडून उभी राहिली. चंद्रसेना म्हणजे कंपनीतला भिकोबा. सकाळी घोटून केलेली दाढी सांजेपर्यंत पुन्हा डोकं वर काढू लागली होती.

"महाराज, मला माझा शिलेदार द्या," भिकोबा गोड आवाजात म्हणाला.

आता नुसतं 'तथास्तु' म्हणायचं. पण महाराज नाटकात पुरते रंगले होते. "मुळीच नाही! घरात दाणा नाही आणि हा निघालाय लग्नाला! राजा मी आहे. माझा शब्द शेवटचा."

आतून कुणीतरी "तथास्तु, तथास्तु" म्हणून कुजबुजत होतं, पण महाराज ऐकतील तर शपथ. भिकोबाचा आ वासलेला तसाच राहिला. खेळ अडला. आता पोरीचं लग्नही गेलं आणि सभागृहही गेलं! बायजा ताडकन उभी राहिली.

"सरकार, शब्द तुमचाच शेवटचा. पण बोहल्यावर चढलेली पोर बिनलग्नाची माघारी जात नाही, हाही आपला रिवाजच. शिलेदार नको असेल तर मग राजानंच तिला पदरात घ्यायची. भटजीबुवा, अंतरपाट आणा! महाराज उभे राहतायत!"

भिकोबा लाजला. नाटक कसं पुढं न्यायचं हे त्याला बरोबर समजलं. पदर सावरत, हातात हार घेऊन तो सिंहासनाकडं सरकू लागला. महाराजांनी नवरीकडं जवळून पाहिलं. हनुवटीवरचे खुंट दिव्याच्या उजेडात चांगलेच चमकत होते.

"तथास्तु!" महाराज सिंहासनावर पाय वर घेत ओरडले. "तथास्तु! तो हार त्या शिलेदारालाच घाल!"

सभागृहात एकच हशा पिकला. महाराज आधी घाबरले, मग त्यांनाही हसू फुटलं, आणि ते इतके हसले की पगडी घरंगळून थेट दिवाणांच्या मांडीवर आली.

"आजपासून हे सभागृह गावाचं!" ते डोळे पुसत म्हणाले. "आणि बायजे, हे घे तुझं बक्षीस." त्यांनी मनगटातलं सोन्याचं कडं काढून पुढं केलं.

बायजानं तिकडं बघितलंसुद्धा नाही.

"थांबा हो सरकार," ती मान उंच करत म्हणाली, "आधी अक्षता पडू द्या."