बांधून ठेवलेल्या हाताची कहाणी

ऐका खांद्यादेवा, तुमची कहाणी. आटपाट पेठ होती. पेठेत एक घर होतं. घरात माया उतू जायची, अक्कल तेवढी कमी पडायची.

त्या घरची सून रत्नमाला. तिला स्तनाचा कॅन्सर झाला. मग ऑपरेशन झालं, स्तन गेला, जीव राहिला. टाके काढले त्या दिवशी दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी वसा दिला. "भिंतीपुढं रोज उभं राहावं, बोटं वर वर चढवावीत. हात डोक्यावर गेला तरच रेडिएशनचा शेक देता येतो. शेक चुकला तर आजार परतेल. लाजशील, भिशील, घेतला वसा टाकशील."

"लाजणार नाही, भिणार नाही, टाकणार नाही."

घरी आली, तर सासू, जिला ती आत्याबाई म्हणे, देवापुढं नवस बोलून बसलेली: सुनेचा हात सव्वा महिना हलू देणार नाही. मग पंच्याची झोळी केली, हात गळ्यात बांधला.

रत्नमाला वेणी घालू गेली. "अगं, टाके उसवतील!" फणी काढून घेतली. डबा काढू गेली. "अगं, टाके उसवतील!" डबा काढून घेतला. भिंतीपाशी गेली. "अगं, सून आहेस की पाल?" ओढून आणली. टाके होते कुठं उसवायला? पण पेठेतल्या झाडून साऱ्या म्हाताऱ्या माना डोलवत होत्या.

मग शेकाचा दिवस आला. रत्नमालेला टेबलावर निजवलं. हात कानापर्यंत जाईना. डॉक्टर म्हणाले, "असा शेक देता येत नाही. हात मोकळा करा, लवकर या."

आत्याबाई म्हणाल्या, "मी सांगतच होते, हात नाजूक आहे. आणखी महिनाभर बांधू."

मग रत्नमालेचं डोकं फिरलं. "आत्याबाई, नवस कुणी बोलला?"

"मी."

"मला विचारलंत?"

"त्यात काय विचारायचं?"

"नवस तुमचा, तर हात माझा का?" झोळी सोडली, सासूच्या गळ्यात घातली. "पाळा आता."

देवाच्या धाकानं आत्याबाईंनी पाळला. पहिल्या दिवशी मिरवल्या, दुसऱ्या दिवशी कावल्या, तिसऱ्या दिवशी अंबाडा बांधता येईना म्हणून रडल्या. रत्नमाला भिंतीपुढं, तिला अडवायला हात कुठला? आठवड्यानं नवसाचा सव्वा महिना भरला, झोळी सोडली, तर खांदा वर होईना.

"रत्ने, माझा खांदा धरला गं!"

"का? टाके उसवले?"

"मेले टाके! काय करू ते सांग."

"पाल व्हा."

मग दोघी भिंतीपुढं. दुखलं, कण्हल्या, एकमेकींवर खेकसल्या, बोटं चढत राहिली.

मग रत्नमाला पुन्हा टेबलावर निजली. हात उचलला, डोक्यावर नेला, तिथंच ठेवला. यंत्र सुरू झालं.

जसा तिचा हात वर गेला, तसा तुमचा आमचा जावो. मायेनं बांधायला येणाऱ्यांना देव आधी विचारायची बुद्धी देवो. ही साठा सल्ल्यांची कहाणी एका भिंतीपाशी सुफळ झाली.