मांजरीची बेंबी

एकदा एक सुईण होती, आणि तिच्या हाताखाली एक शिकाऊ बाई होती. सुईणीचं नाव आवडाबाई. अर्ध्या गावाच्या नाळा तिनं कापलेल्या, म्हणून पाटीलसुद्धा तिच्याशी दबकून बोलायचा. न जाणो, जन्मला तेव्हा कसा दिसत होता ते चारचौघांत सांगून टाकेल!

आता तिचे हात थरथरायला लागले होते. म्हणून तिनं रंगूला शिकवायला घेतलं. रंगूचा हात सोन्यासारखा. पोटावर तळवा ठेवला की मूल आडवं की सरळ ते सांगायची. पण एकटीनं बाळंतपण अजून केलं नव्हतं, आणि आवडाबाईला तीच एक काळजी होती.

एक दिवस रंगूला बाजारात गटाराकडेला एक मांजरी सापडली. चिखलात लडबडलेली, भिजल्या चिंधीसारखी. रंगूनं तिला पदरात घालून घरी आणली आणि नाव ठेवलं चिंधी. चार दिवसांनी शिकेकाईनं न्हाऊ घातली, तर काय! आतून दुधासारखी पांढरी, शेपूट झुपकेदार, एक डोळा निळा नि एक पिवळा. आणि उंदीर मारायची तर असे, की बाजरीच्या पोत्याकडे फिरकायची कुणाची छाती होईना.

तेवढ्यात बांगड्या भरायला कासार आला. मांजरी बघून म्हणाला, "वहिनी, ही कुठून उचललीत? असली मांजरं मी संस्थानिकांच्या वाड्यात बघितलीत. गादीवर झोपतात! कुणाची तरी हरवलेली दिसते."

झालं. चिंधीची राणीसाहेब झाली. भाकरी बंद, साय सुरू. बाहेर जाऊ नये म्हणून पायाला सुतळी. दारात गाडी थांबली की रंगू धावत जाऊन कडी लावायची, आता हिला न्यायला आले! राणीसाहेब सुतळीशी बसून राहायच्या आणि उंदीर बाजरीवर लग्नाची पंगत उठवायचे.

अशात एका सकाळी वीटभट्टीवरचा सोपान पळत आला. "मावशी, चला! बायकोला कळा सुरू झाल्यात."

रंगू म्हणाली, "मावशी, तू हो पुढं. मी गेले आणि मागं कुणी हिला नेली तर?"

आवडाबाई सोपानकडे वळली. एवढंच विचारलं, "पहिलीच खेप ना? किती वेळ झाला?"

"आत्ताच, तांबडं फुटताना."

"मग घाबरू नकोस, वेळ आहे. पाणी उकळायला ठेव जा."

तो पळाला. मग आवडाबाईनं काय करावं? खाली बसली, राणीसाहेबांना उचललं, मांडीवर उताणं पाडलं आणि पोटावरचे केस उलटेसुलटे करायला लागली.

"मावशी, अगं काय करतेस! ओरबाडेल!"

"बेंबी शोधतेय. तूही शोध."

दोघींनी शोधली. राणीसाहेबांनी दोन बोचकारे काढले, तेव्हा कुठं केसांत एक बारीकसा वण लागला.

"सांग आता," आवडाबाई म्हणाली, "वाड्यातली की गटारातली?"

"बेंबीवरून कसं कळेल?"

"नाही ना कळत? रंगे, पाटलाच्या नातवाची नाळ मी ज्या कात्रीनं कापली, तीच कात्री उकळून भट्टीवरच्या पोरांना लावली. पोरं पुसून शेजारी शेजारी ठेवली असती, तर माझी मीच फसले असते. आणि हिला तर कात्रीसुद्धा लागली नाही. वाड्यातली असली तरी नाळ आईनं दातानंच तोडलीय. असली मांजरं गादीवर झोपतात हे त्या कासारानं बघितलं. गटारातून जिवंत निघाली आणि तुझी बाजरी राखली, हे तू बघितलंस. मोठं कोणतं? तिकडं एक जीव यायचाय. त्याचं घराणं विचारून जाणार आहेस का?"

रंगूचा चेहरा उतरला. तिनं सुतळी सोडली, दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघड्या टाकल्या आणि पिशवी उचलली.

भट्टीवर पोचल्यावर आवडाबाई झोपडीबाहेर विटांवर बसली. "माझे हात कापतात. तू कर. अडलं तर हाक मार." रंगूनं हाक मारली नाही. दुपारी आतून तान्ह्या पोरीचं रडणं ऐकू आलं आणि म्हातारीनं डोळे पुसले. वर सोपानला म्हणाली, "धूर लागला रे तुझ्या भट्टीचा." भट्टी अजून पेटवलेलीसुद्धा नव्हती.

दोघी घरी आल्या तर दार उघडं, सुतळी रिकामी. रंगू उंबऱ्यातच थबकली. तेवढ्यात पोत्यामागं धडपड झाली आणि चिंधी तोंडात हा एवढा घुशीएवढा उंदीर घेऊन बाहेर आली. तो रंगूच्या पायाशी टाकला आणि अशी बसली, जणू बक्षीस द्यायला तीच आलीय.

पुढल्या फेरीला कासारानं विचारलं, "काय वहिनी, मांजरीचं घराणं कळलं का?"

"कळलं की," रंगू म्हणाली. "आमचंच."

तर मंडळी, कुणाचं आडनाव विचारायला तोंड उघडाल, तेव्हा आधी मान खाली घालून आपली बेंबी तेवढी बघून घ्या. पोटामुळं दिसत नसेल, तर नुसती चाचपली तरी चालेल.