मनातलं सांगणारा पेशंट

पारूबाई ढेकळेच्या लेकीचं ऑपरेशन अडलं, कारण सरकारी विम्याच्या कार्डावर काही उरलंच नव्हतं. तिच्या नवऱ्याला, सोपानरावांना, फोनवरून तपासल्याचं दाखवून तालुक्याच्या डॉक्टर हिंगमिऱ्यांनी ते पार धुऊन नेलं होतं. पारूबाईनं तक्रार ठोकली.

चौकशीला डॉक्टर कडक इस्त्रीत आले आणि विमा कचेरीतल्या साहेबांसमोर खुर्चीत रेलून म्हणाले, "या बाईला काय कळतंय? सात तारखेला सकाळी मी स्वतः व्हिडिओ कॉलवर सोपानरावांशी अर्धा तास बोललो. अगदी मनातलं सगळं सांगितलं त्यांनी मला."

साहेबांनी पारूबाईकडे पाहिलं. ती रडली नाही की ओरडली नाही.

"डॉक्टरसाहेब, त्या सकाळी नदीवर त्यांचा दहावा होता. पिंडाला कावळा शिवेना. लेकीचं ऑपरेशन करीन म्हटलं, तरी शिवेना. ऊन डोक्यावर आलं, तेव्हा दर्भाचा कावळा करून शिववला. तुमच्याशी तर ते मनातलं बोलले. मग त्यांची कसली इच्छा राहिली होती, तेवढं सांगा. अजून पुरी करीन."

डॉक्टर खुर्चीतून उठले, ते थेट पोलिसांच्या गाडीत बसायलाच.